कोपऱ्यातल्या टेबलावरचे हसू

सराईचे दार उघडण्यापूर्वी धाकटी रोज भोजनगृहातून एक फेरी मारत असे. उजव्या हाताने खुर्च्यांच्या पाठी चाचपत ती खिडक्यांच्या बाजूने आत जाई आणि भिंतीच्या बाजूने परत येई. एखादी खुर्ची जागची हलली असेल तर ती हाताला कळे. मग ओल्या फडक्याने टेबले पुसायची, मीठदाण्या भरायच्या, चमचे कोरडे करून कापडावर मांडायचे आणि भट्टीतून आलेल्या पावांच्या टोपल्या झाकून ठेवायच्या. भोजनगृह म्हणजे पूर्वीचा तबेला. प्रवासी घोड्यांवरून येत त्या काळी माणसे वरच्या मजल्यावर झोपत आणि घोडी खाली. घोडी गेली, दगडी फरशी राहिली. घोडी बांधायच्या लोखंडी कड्याही भिंतीत तशाच राहिल्या, आणि त्यांत आता पाहुण्यांच्या छत्र्या अडकत.

सराई आत्याची. आईवडील गेल्यावर दोन्ही भाच्यांना तिनेच वाढवले. थोरली लग्न होऊन दुसऱ्या शहरी गेली, धाकटी मागे राहिली, आणि गल्लीभर तिचे नाव धाकटीच पडले. थोरली कोण, हे आता बहुतेकांना ठाऊकही नव्हते.

या सराईची एक रीत होती. ओळखीच्या पाहुण्याला काय हवे ते विचारायचे नाही. त्याने उंबऱ्यात पाऊल टाकले की दारातल्या माणसाने स्वयंपाकघराकडे तोंड करून त्याचे जेवण पुकारायचे. पाहुणा छत्री अडकवून बसेपर्यंत त्याचे सूप टेबलावर आलेले असे. प्रवासाने शिणलेल्या माणसाला बोलण्याचेही कष्ट पडू नयेत म्हणून कोण्या पूर्वजाने घालून दिलेली ही रीत. आता सराईचे नाव तिच्यावरच चालत होते. दार सांभाळणे हा घरातला मान होता. आत्याने तो उमेदीची सगळी वर्षे मिरवला आणि गुडघे कुरकुरू लागले तेव्हा धाकटीच्या हाती दिला.

आणि धाकटीला लांबचे दिसत नव्हते.

हे कुणालाच ठाऊक नव्हते. हात लांब केला की जेवढे अंतर होई तेवढे जग तिच्यापुरते रेखीव होते. त्यापलीकडे सगळे पाण्यात विरघळलेल्या रंगांसारखे. ती माणसे पावलांवरून ओळखी. दगडी फरशी कुणाचीही चहाडी करते. निवृत्त हेडबाईंची काठी आधी येई आणि बाई मागाहून. कचेरीतला कारकून टाचा आपटत येई. पियानो शिकवणारे मास्तर चालतानाही ताल सोडत नसत. धाकटीच्या हातून एकही जेवण चुकत नसे, आणि तिची नजर किती तीक्ष्ण याचे गल्लीत कौतुक होई. ते कौतुक तिला नकोसे होई. कारण तिच्या आधी आत्याच्या जोडीला दारात एक म्हातारा असे. त्याची दृष्टी मंदावली तेव्हा आत्याने त्याला उचलून कोठारात बसवले होते. ज्याची नजर गेली त्याचे दार गेले, असे ती तेव्हा म्हणाली होती, आणि आत्याचे बोलणे म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

त्या सकाळी फेरी झाल्यावर धाकटी शिडीवर चढून छताच्या तुळया झाडत होती. अर्धवट उघड्या दारात एक अनोळखी पाऊल थांबले. नव्या बुटांचे होते.

“थोडा वेळ शिडी मिळेल का?”

“मिळेल,” ती वरूनच म्हणाली. “पण तिच्यावर सध्या मी आहे.”

“दिसतंय. मी थांबतो.”

“थांबा. पण वर बघू नका, डोळ्यांत धूळ जाईल.”

“चालेल. माझा धंदाच डोळ्यांचा आहे.”

आवाज मोठा छान होता... हसू दाबून बोलणाऱ्याचा. कोणता धंदा, असे तिने सहज विचारले, आणि त्याने सांगितले की गल्लीच्या वळणावर त्याने चष्म्यांचे दुकान घातले आहे, आज पाटी टांगायची आहे, आणि शिडी आणायची तेवढी राहिली. धाकटीचा हात तुळईवर थबकला. ज्याच्यापासून जन्मभर लपायचे तोच नेमका शेजारी येऊन बसला होता. चोराच्या मनात चांदणे म्हणतात तसे तिचे झाले. हा माणूस एकदा नीट बघेल आणि सगळे ओळखेल.

ती उतरू लागली तशी त्याने शिडी धरली. शेवटच्या पायरीवर दोघे समोरासमोर आले आणि एकदम तो रेखीव झाला. कान जरासे पुढे आलेले, भुवया एकमेकींना भेटायला निघालेल्या, कानामागे पेन्सिल आणि केसांत लाकडाचा भुसा. धाकटीने ते सारे एका श्वासात पाहून घेतले आणि झटकन नजर खाली वळवली.

शिडी परत द्यायला तो दुपारी आला आणि जेवायलाच बसला. त्याला कुठे बसवायचे याचा विचार तिने मुळीच केला नाही असे म्हणता येणार नाही. तिने त्याला दारापासून सर्वांत दूरचे, खिडकीच्या कोपऱ्यातले टेबल दिले. हेडबाईंच्या समोर. एकट्या पाहुण्यासमोर दुसरा एकटा पाहुणा बसवायची तिथे पद्धतच होती, त्यामुळे कुणाला त्यात वावगे दिसले नाही.

चष्मेवाला दोन्ही वेळेला येऊ लागला. कांद्याचे सूप, भाजलेले बटाटे आणि पावाचा कडेचा तुकडा. त्याचे जेवण तिला पहिल्याच दिवशी पाठ झाले होते. वाढताना ती ताटाकडे बघून बोले. पण जेवण झाल्यावर तो दारात रेंगाळे आणि तिथे तो तिच्या हाताच्या अंतरात असे. काही ना काही निमित्त तो काढीच.

“मला इतकं लांब का बसवता?”

“तिथं उजेड चांगला असतो.”

“उजेड माझ्या दुकानातही आहे.”

“मग इथं जवळ असं काय आहे?”

“दार...” तो म्हणाला, आणि त्याचे ते पुढे आलेले कान लालबुंद झाले.

दारातल्या या गप्पांतून तिला त्याच्याविषयी बरेच कळले. तो मामाकडे वाढला होता, एका बंदराच्या शहरात एका उस्तादांच्या हाताखाली काच घासायला शिकला होता, आणि स्वतःच्या दुकानासाठी इतक्या लांब आला होता. रोज तो दुकानातली एखादी गंमत तिच्यासाठी राखून आणी. एका शिंप्याला सुईत दोरा ओवता येईना म्हणून त्याने चष्मा केला. चष्मा लावून शिंप्याने आधी सुईकडे नव्हे तर बायकोकडे बघितले, आणि तुझे केस कधी पिकले गं, असे विचारले. यावर शिंपीण म्हणाली की मी गेली कित्येक वर्षे हेच लपवायला तुमच्यापुढे दिवा बारीक करत होते. ही गोष्ट ऐकून धाकटी इतकी हसली की आत्याने जिन्यावरून डोकावून पाहिले. त्या दिवशी तिने पावाच्या टोपल्या मांडताना गाणे गुणगुणले, आणि स्वयंपाकघरात आचारीकाका म्हणाले की आज पाव जास्तच फुगले आहेत, हवा कुठून लागली ते कळत नाही.

असे दिवस चालले होते. तरीही काहीतरी बिनसत होते, आणि काय ते धाकटीला समजेना. चष्मेवाला दारात पूर्वीसारखा रेंगाळेना. गंमत सांगायचा, पण आटोपती. एकदा ती भाजी घेऊन गल्लीतून परतत होती तेव्हा पलीकडच्या फुटपाथवर एक निळसर डाग हलला. तो डाग कोण, हे डागावरून कळायला मार्ग नव्हता. ती तशीच पुढे गेली. त्या संध्याकाळी तो जेवून निघाला तो सरळ तिच्या पुढून गेला. बुटांचा आवाज नेहमीपेक्षा भराभर होता. ती दारात उभीच राहिली. त्याच्यासाठी तिनेही आज एक गंमत राखून ठेवली होती.

मग एका दुपारी गर्दी ओसरल्यावर हेडबाईंनी तिला जवळ बोलावले. हेडबाईंना शाळा सोडून कितीतरी वर्षे झाली होती, पण शाळेने हेडबाईंना सोडले नव्हते. त्यांनी काठीने समोरची रिकामी खुर्ची दाखवली आणि धाकटी वर्गात बसावे तशी बसली. चष्मेवाल्याला बंदरावरून उस्तादांचा निरोप आल्याचे त्यांनी सांगितले. उस्ताद थकले होते, त्यांना मोठे दुकान याच्या हाती द्यायचे होते, आणि आठवडा संपायच्या आत होय की नाही ते कळवायचे होते. तो बहुतेक जाईल, असे हेडबाईंचे मत पडले.

“पण... आत्ताच तर पाटी टांगली,” धाकटी म्हणाली.

“पाटीचं काय, उतरवता येते. माणसाला थांबायला काही कारण लागतं.” हेडबाई पुढे झुकल्या. “तू त्याच्याकडे बघून एकदा हसली असतीस तर काय तुझे दात झिजणार होते?”

“तो कधी हसला?”

“कधी म्हणजे? रोज. मी त्याच्यासमोर बसते, बाई. तो माझ्या डोक्यावरून तुझ्याकडे बघून हसतो. आधी मला वाटलं माझा अंबाडाच वाकडा झालाय. मग वळून बघितलं, तर तू दारात. तुझा चेहरा असा, जसा काही भिंतीला चुना लावलाय. गल्लीतून हात करतो, तू बघत नाहीस. परवा मला म्हणाला, बाई, त्या दारात साखर असतात आणि चार पावलांवर दगड. यातलं खरं कोणतं?”

धाकटीने हेडबाईंच्या डोक्यावरून भोजनगृहाकडे पाहिले, म्हणजे जिथे भोजनगृह असायला हवे तिथे पाहिले. इतक्या दिवसांचे, दोन्ही वेळेचे हसू या कोपऱ्यातून निघाले होते आणि तिच्यापर्यंत पोचण्याआधीच या धुक्यात कुठेतरी सांडले होते. तो बघेल आणि ओळखेल म्हणून तिने त्याला इथे लांब बसवले, आणि लांब बसवले म्हणूनच...

ती स्वयंपाकघरात गेली आणि उगीचच एक पातेले विसळू लागली. आचारीकाकांनी तिच्याकडे एकवार पाहिले आणि विचारले की कांदा मी चिरतोय, मग पाणी तुझ्या डोळ्यांत कसे? चष्मेवाल्याला खरे कारण सांगायचे तर नजर अधू असल्याचे सांगावे लागेल. त्याला सांगितलेले सराईत कळायला वेळ लागणार नाही, आणि सराईत कळले की दार गेले. सांगितले नाही तर तो जाईल. पातेले केव्हाच स्वच्छ झाले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारची जेवणे उरकल्यावर तिने ॲप्रन सोडून खुंटीला टांगला, आत्याला जरा जाऊन येते म्हणून सांगितले आणि वळणावरच्या दुकानाचे दार ढकलले.

आत एक उंच स्टूल, काचांच्या सपाट पेट्या, भिंतीवर आरसा आणि समोरच्या टोकाला काहीतरी पांढरे. तिला पाहून चष्मेवाला उठून उभा राहिला, पण बोलला दुकानदारासारखा. या. बसा. काय हवं होतं?

“माझे डोळे तपासायचे आहेत.”

थट्टा चालली आहे असे त्याला वाटले असावे. पण गिऱ्हाईक म्हणून आलेल्या माणसाला त्याने कधी परत पाठवले नव्हते. त्याने तिला स्टुलावर बसवले, खिडकीचा पडदा ओढला, समोरचा दिवा लावला आणि तक्त्यावरचे सर्वांत वरचे, सर्वांत मोठे अक्षर वाचायला सांगितले.

“ते अक्षर आहे होय?” धाकटी म्हणाली. “मला वाटलं भिंतीला ओल आलीय.”

तो हसला... आणि मधेच थांबला. काही न बोलता त्याने तपासणीची जड फ्रेम तिच्या नाकावर चढवली आणि पेटीतून काचा काढून एकेक तीत सरकवू लागला. हे बरं की हे? आधीचं. आता? आता बरं. आणि हे? अजून बरं. काच वाढत गेली तशी भिंतीवरची ओल आकार धरू लागली, तिला कडा फुटल्या, तिच्याखाली दुसरी ओळ उगवली, तिसरी उगवली. धाकटी एकेक अक्षर वाचत गेली आणि तो ऐकत राहिला. शेवटच्या ओळीपाशी त्याने हातातली काच पेटीत ठेवली.

“माझी पाटी...”

“टांगल्यापासून एकदाही वाचली नाही.”

“मी गल्लीतून हात करायचो.”

“हेडबाई म्हणाल्या.”

“आणि जेवताना... हसायचो.”

“तेही म्हणाल्या.”

“अगदीच मूर्ख दिसत असेन.”

“ते मी कसं सांगू? मी बघितलंच नाही.”

आता दोघेही हसले. मग त्याने कपाळावर हात मारून घेतला आणि शेजारच्या पेटीवरच बसला. रस्त्याने जाणाऱ्या माणसाला नुसते बघून त्याच्या चष्म्याचा नंबर सांगणारा, अशी त्याची उस्तादांकडे ख्याती होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असे तो स्वतःशीच पुटपुटला.

“तुमच्या डोळ्यांकडे मी रोज बघत होतो,” तो म्हणाला. “पण ते बघताना मी दुकानदार नव्हतो. म्हणून... म्हणून कळलं नाही.”

धाकटीने नजर खाली वळवली नाही. आता त्याची गरज नव्हती. त्या वजनदार फ्रेममधून ती त्याच्याकडे बघत राहिली. फ्रेम नाकावरून घसरत होती, आणि आपण घुबडासारखे दिसत असणार हे तिला कळत होते, पण त्याचे तिला काही वाटले नाही.

तो उठला. पाठमोरा न होता मागे मागे सरकत दुकानाच्या पार टोकाला गेला, तक्त्याला पाठ लावून उभा राहिला.

“इथून दिसतोय?”

“दिसताय.”

मग तो हसला. हसू आधी डाव्या गालात उमटले आणि मग उजव्या गालाला त्याची बातमी लागली. पुढचा एक दात दुसऱ्याच्या किंचित अंगावर आला होता. हसताना कान हलत होते. एवढ्या अंतरावरून कुणाचा चेहरा असा स्वच्छ आपल्याकडे येतो, हेच तिला आजवर ठाऊक नव्हते.

“हे रोज होतं?” तिने विचारले.

“रोज. दोन्ही वेळच्या जेवणाला.”

तिने ते हसू त्याला परत केले. थकबाकीसकट, सगळे एकदम.

पुढचे बोलणे अवघड होते, आणि ते त्यानेच काढले. बंदरावर मी काय कळवू, असे त्याने विचारले. धाकटीने त्याला म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली, दाराची सांगितली आणि आत्याच्या काळ्या दगडावरच्या रेघेची सांगितली. तो विचारात पडला. मग म्हणाला की चष्मा उद्या दुपारपर्यंत तयार होईल, पण तो सराईत घालायलाच पाहिजे असे कुठे आहे? गल्लीत घाला, इथे आलात की घाला. माझ्या तोंडून अवाक्षर निघणार नाही. तुमचे दार तुमच्याकडे राहील.

त्याने ते मनापासून सांगितले होते आणि धाकटीला मोहही पडला. सगळे जिथल्या तिथे राहिले असते. तिने फ्रेम काढून त्याच्या हातात दिली, तशी भिंतीवर पुन्हा ओल आली.

“आणि तुम्ही जेवायला आलात की?” ती म्हणाली. “तिथं मग पुन्हा डागच दिसणार ना मला. नको. उद्या आत्याला सांगते. बंदराचं त्यानंतर बोलू.”

दुसऱ्या दिवशी चष्मा लावून ती गल्लीत आली तेव्हा तिला दोनदा थांबावे लागले. पहिल्यांदा झाडासाठी. झाडाला लांबूनसुद्धा सुटी सुटी पाने असतात, हे बघून ती उभीच राहिली. दुसऱ्यांदा सराईसाठी. जन्म गेला त्या घराच्या धुराड्यावर एक लहानसा पत्र्याचा कोंबडा होता आणि तो वाऱ्यावर फिरत होता. तिला त्याची कल्पनाही नव्हती.

आत्या मागच्या अंगणात शेंगा सोलत बसली होती. धाकटी तिच्यासमोर उभी राहिली आणि सगळे सांगून टाकले. डोळ्यांचे, पावलांचे, फरशीचे. चष्मेवाल्याचेही सांगितले. एक सांगून दुसरे ठेवण्यात अर्थ नव्हता. आत्याच्या हातातल्या शेंगा थांबल्या नाहीत, फक्त सोललेले दाणे टरफलांत पडू लागले आणि टरफले दाण्यांत. शेवटी ती म्हणाली की संध्याकाळी दारात उभी राहा, हा चष्मा लावूनच राहा. मग बघू.

ती संध्याकाळ गल्लीच्या बरेच दिवस लक्षात राहिली. दारात उभ्या राहिलेल्या धाकटीला सगळे दिसत होते आणि त्यामुळेच काही सुचत नव्हते. जड टाचा आपटत येणारा कारकून तिच्या मनात चांगला आडवा, गरगरीत माणूस होता. प्रत्यक्षात बांबूसारखा एक इसम मोठाले बूट आपटत आत आला, आणि हा कोणी नवखा प्रवासी समजून तिने त्याला काय घेणार म्हणून विचारले. रोज येणाऱ्या त्या गृहस्थाने दुखावून मागेपुढे पाहिले. पाठोपाठ मास्तर आले. त्यांच्या भरघोस मिशा बघण्यात ती इतकी गुंतली की त्यांच्यासाठी मासा पुकारून बसली. मास्तर माशाच्या वासानेही उठून जाणारे. त्यांनी दारातच हात जोडले आणि माझा काही अपराध घडला का, अशी चौकशी केली. टेबलाटेबलांवर हशा पिकला. धाकटीने सरळ सांगून टाकले की मला आजवर लांबचे दिसत नव्हते, तुम्हा सर्वांना मी कानांनी ओळखत होते, तुमचे चेहरे आज पहिल्यांदाच बघते आहे, तेव्हा आजच्या दिवस सांभाळून घ्या. मग कारकुनाने विचारले की मग कसे दिसतो आम्ही? तिने सांगितले की आवाजापेक्षा बारीक. यावर सगळ्यांत मोठ्याने तोच हसला. त्यानंतर कुणी आत शिरले की ती पळभर डोळे मिटी, पाऊल ऐके, मग डोळे उघडून ते पाऊल चेहऱ्याला जोडी. जेवणे पुन्हा बरोबर जाऊ लागली.

आत्या जिन्याच्या पायथ्याशी उभी राहून हे सारे बघत होती. गर्दी जराशी निवळली तशी ती हळूहळू दाराशी आली.

“म्हाताऱ्याला मी कोठारात का बसवलं, माहीत आहे तुला?”

“त्याला दिसत नव्हतं म्हणून.”

“दिसत नव्हतं ते त्यानं लपवलं म्हणून. पथ्यावरच्या एका बाईंसमोर दुसऱ्याचंच ताट गेलं आणि त्या आजारी पडल्या. तरी हा म्हणे, मला दिसतंय.” आत्याने धाकटीच्या नाकावर घसरलेला चष्मा एका बोटाने वर सरकवला. “तुझं सगळं आज चारचौघांत झालं. उशिरा सांगितलंस, धाकटे. त्याचा राग आहे मला, आणि तो काही दिवस राहणार आहे. पण दार तुझंच.”

धाकटीने रस्त्याकडे तोंड फिरवले, आणि तेव्हा तिला तो दिसला. अजून वळणावरच होता. इस्त्रीचा सदरा घातला होता, केस ओले करून बसवले होते आणि दर चार पावलांनी तो ते पुन्हा बसवत होता. वळणापासून उंबऱ्यापर्यंत एक माणूस आपल्याकडे येताना तिने पहिल्यांदा सबंध पाहिला.

तो उंबऱ्यात येऊन थांबला. आत स्वयंपाकघरात आचारीकाका कांद्याच्या सुपाचा वाडगा हातात धरून तिच्या पुकाऱ्याची वाट बघत होते. कोपऱ्यातल्या टेबलावर हेडबाई आपली खुर्ची चक्क दाराकडे फिरवून बसल्या होत्या. चष्मेवाल्याने काही विचारले नाही, पण त्याला काय विचारायचे आहे ते त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ होते, आणि आता तिला ते वाचता येत होते.

धाकटीने त्याचे जेवण पुकारले नाही.

“आत्या,” ती म्हणाली, “थोडा वेळ दार बघशील?”

आत्याने एकदा तिच्याकडे आणि एकदा त्या ओल्या केसांकडे पाहिले, आणि दुखऱ्या गुडघ्यांनिशी दारात जाऊन उभी राहिली. धाकटी पुढे आणि चष्मेवाला मागे असे ते टेबलांमधून चालत गेले. कोपरा आला आणि मागे पडला. हेडबाईंनी काठी बाजूला घेऊन वाट दिली.

स्वयंपाकघरात भट्टीशेजारी एक लांबट, सुरीच्या घावांनी भरलेले टेबल होते. आत्या, आचारीकाका आणि धाकटी यांची जेवणे तिथे होत. पाहुणा तिथे कधी बसला नव्हता. घरच्यांसाठी कुणी काही पुकारत नसे. भांड्यात जे उरेल ते सगळे वाटून खात. धाकटीने टेबलावरची कांद्यांची परडी उचलून खाली ठेवली आणि बाकावर जागा केली. चष्मेवाला बसला.

आचारीकाका हातातल्या वाडग्याकडे बघत म्हणाले, “मग यांना काय वाढू?”

“आपण खाऊ ते,” धाकटी म्हणाली. “आणि उद्यापासून एका माणसाचं जास्त टाकत जा.”

तिने फळीवरून दोन ताटे काढली, पुसली आणि शेजारी शेजारी मांडली.